आयबीए: छाट कलमांना मुळे फुटवणारे संजीवक

घोडबंदर रोडलगत तुमची रोपवाटिका असेल, तर बोगनवेल, जास्वंदीच्या छाट कलमांसाठी इंडोल ब्युटिरिक आम्ल (आयबीए) उपयोगी ठरते.

गुणधर्म: पांढरी ते फिकट पिवळी पूड. पाण्यात फारच कमी, अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. उजेडाने व उष्णतेने निकामी होते.

वापर: १००० पीपीएमसाठी १ ग्रॅम पूड ५०० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा, हळूहळू पाणी घालून द्रावण १ लिटर करा. छाटाचे बूड ५ ते १० सेकंद बुडवून लावा. जास्त तीव्रतेने बूड करपते.

काळजी: हातमोजे व मास्क वापरा. अल्कोहोल पेट घेते. विस्तव दूर ठेवा. उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. पोटात गेल्यास विषारी आहे. उलटी न करवता लेबलसह डॉक्टरांकडे न्या.