खोपा कुणाचा, पसंती कुणाची?

लावणी उरकली, आता जरा पाठ टेकायला मिळतेय. म्हणून आज बचतीचा हिशेब नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. आज सुगरण पाखराची गोष्ट सांगते. त्याच्याकडे नीट बघायला माणसाला किती काळ लागला, त्याचीही.

आपल्या दापोलीत भाताच्या खाचरांच्या कडेला, विहिरीवर वाकलेल्या फांदीला किंवा माडाच्या झावळीला लोंबणारे खोपे तुम्ही पाहिले असतील. काही पुरे झालेले, खाली लांब नळी असलेले. काही अर्धेच, घंटेसारखे, मधे एक आडवी पट्टी. ते अर्धे खोपे वाऱ्यानं मोडले, असं मी लहानपणी समजायचे. आणि विणकाम बघून सगळ्यांच्या तोंडी एकच, सुगरण ती सुगरण! नावच बाईचं. त्यात बहिणाबाई चौधरींची कविता शाळेत शिकलेली. त्यामुळे खोपा विणणारी म्हणून आईच डोळ्यांसमोर येते.

खरं तर खोपा विणतो नर. हे नीट बघून लिहून ठेवलं गेलं ते आपल्याच कोकण किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गावात.

सन १९३०. डॉ. सालिम अली तेव्हा चौतिशीच्या आत-बाहेर होते. मुंबईत जन्मलेले, जर्मनीत पक्ष्यांचा अभ्यास करून परतलेले, पण हाताला नोकरी नव्हती. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासोबत ते किहीमच्या घरी येऊन राहिले. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते बघत बसले. कोण काडी आणतो, कोण आत शिरतं, कोण निघून जातं, सगळं टिपून ठेवलं. १९३१ साली त्यांचा लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

त्यांनी पाहिलं ते असं. नर भाताच्या पातीचे, गवताचे, झावळीचे लांब धागे सोलून आणतो आणि चोचीनं विणतो. खोपा अर्धा झाला की थांबतो, पंख फडफडवून ओरडतो. मग माद्या येतात, आत शिरून बघतात. एखादीला घर पटलं तर ती तिथंच ठाण मांडते. मगच नर पुढचं काम करतो, नळी विणतो. नाही पटलं तर खोपा तसाच लोंबत राहतो. म्हणजे आपण बघतो त्यातले कितीतरी अर्धे खोपे मोडलेले नसतात, नापसंत झालेले असतात!

आता रंगाकडे बघा. पावसाळ्यात नराचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. मादी मात्र सुकल्या गवताच्या रंगाची, चिमणीसारखी. या फरकावरून दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या दोन मोठ्या अभ्यासकांत वाद होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस म्हणत, अंड्यांवर बसणारी मादी शत्रूच्या नजरेला पडू नये, म्हणून तिचा रंग मळकट. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ च्या ग्रंथात मांडलं की नर भडक झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्या माद्यांनी तसे नर निवडले. मादीला पारख असते, ती निवड करते, हे त्या काळच्या पुष्कळ विद्वानांना पटलं नाही. वॉलेसनाही नाही. मादी म्हणजे गप्प बसलेली, असंच धरलेलं.

आज अभ्यासक दोन्ही कारणं मानतात. लपायला रंग लागतो आणि निवडायला नजर लागते. पावसाळा सरला की नराचाही पिवळा रंग उतरतो आणि तोही मादीसारखाच गवतात मिसळतो. दाखवायचं काम संपलं की लपणंच बरं.

मादी नेमकं काय पारखते? सुहेल कादर या भारतीय अभ्यासकाचं २००६ साली प्रसिद्ध झालेलं काम सांगतं की विणकामापेक्षा ती जागेला जास्त महत्त्व देते. झाड कोणतं, खोपा किती उंचावर, हे आधी. साप, कावळा पोचला तर सुंदर विणकाम काय कामाचं?

हे वाचलं आणि मला आमच्या गटातली एक ताई आठवली. घरासाठी कर्ज तिच्या नावावर, हप्ते तिनं काजू आणि कोकम विकून फेडले. जागा मात्र घरच्या पुरुषांनी ठरवली. रस्त्याला लागून, दिसायला छान. विहीर लांब. आज पाच वर्षं झाली, हंडा तिच्याच डोक्यावर. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कर्जाचा अर्ज भरताना मीही विचारलं नव्हतं. आता घराच्या कर्जाचा विषय आला की बैठकीत मी आधी विचारते, "जागा कुणी बघितली? पाणी किती लांब?"

पाखरांचं सगळंच घ्यावं असं नाही हो. सुगरणीचा नर एक संसार लावून देतो आणि दुसरीसाठी नवा खोपा विणायला घेतो. अंडी उबवायला मादी एकटीच! ते त्यांचं त्यांना लखलाभ.

पण बघत बसायची सवय घेण्यासारखी आहे. या पावसात एखाद्या खोप्याखाली, जरा लांब, दहा मिनिटं बसा. पोरांना दगड मारू देऊ नका आणि खोपा काढू नका, आत पिल्लं असतात. कोण येतं, कोण आत शिरून बघतं, कोण तसंच परत जातं, ते मोजा. पुढच्या बैठकीत सांगा. मी वही घेऊन बसते.