पेवातली हळद, ढगातली वही

माझे अब्बा सांगलीच्या हळद पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी कधीमधी हरिपूरला जात असे. तिथे जमिनीच्या पोटात पेवे होती. वरून पाहिले तर साधी मोकळी जागा, पण खाली अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे खोल खड्डे, आणि त्यांत भरलेली हळद. त्या मातीचा गुण असा, की हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नसे. माल पेवात राही आणि दुकानात त्याची नोंद. मी एकदा विचारले, ‘‘अब्बा, हळद तर दिसतच नाही. ती आहे कशावरून?’’ ते म्हणाले, ‘‘वहीत आहे, म्हणजे आहे. पण पेव कुणाचं, हे मात्र विसरायचं नसतं.’’

२००५च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि त्या जुन्या पद्धतीचे कंबरडेच मोडले. पुढे २०१९च्या पुरात ते अडत दुकानही पाण्याखाली गेले. आता गल्ल्यावर मालकांचा नातू बसतो. पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेलो, तर तो चिखलाने भरलेला संगणक बाहेर काढत होता. मी हळहळलो. तो म्हणाला, ‘‘चाचा, मशीन गेलं, हिशेब नाही गेला. वही वर आहे.’’ आणि त्याने बोट आभाळाकडे दाखवले.

या ‘वर’ला आज क्लाऊड म्हणतात. क्लाऊड म्हणजे ढग. नाव कवीने ठेवावे असे आहे, पण वस्तू अगदी जमिनीवरची आहे. दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची मोठी इमारत, तीत हजारो संगणक, रात्रंदिवस वीज आणि थंडावा, आणि आपल्याकडून वापरापुरते भाडे. म्हणजे पेवच. सध्या या सेवांचेही पेव फुटले आहे. त्याचा इतिहास मात्र बराच जुना आहे.

आधी विजेचे उदाहरण पाहू. मुंबईच्या कापड गिरण्या सुरुवातीला स्वतःच्या वाफेवर चालत. बॉयलर आपला, कोळसा आपला, धूरही आपलाच. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेल्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली. कापड विणायचे तर शक्तीही घरातच निर्माण करायला हवी, ही अट सुटली. शक्ती विकत घेता येऊ लागली.

गणनाची शक्तीही अशीच विकत मिळेल, ही कल्पना संगणकाच्या बालपणीच निघाली. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी सांगितले, की टेलिफोनसारखीच संगणकाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. त्याच वर्षी त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखवून दिली. यंत्र क्षणभर एकाचे काम करी, क्षणभर दुसऱ्याचे, पण प्रत्येकाला वाटे ते आपलेच आहे.

आपल्याकडेही सुरुवात वाटून घेण्यापासूनच झाली, गरजेपोटी. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. देशभरातील विद्यापीठे आणि संस्था आपले काम घेऊन त्याच्या दारी येत. १९६८ साली टीसीएस सुरू झाली. तिच्या पहिल्या कामांत टिस्कोसाठी छिद्रपत्रांवरची कामे आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील हिशेबांचा मेळ घालणे ही कामे होती. बँकेची वही दुसऱ्याच्या यंत्रावर जुळवली जात होती, हे आपण विसरलो आहोत.

विसरलो, कारण मधल्या काळात वारे उलट वाहिले. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. यंत्रे स्वस्त होत गेली. ज्याला त्याला स्वतःचा संगणक हवासा झाला. कंपन्यांनी आपापल्या वातानुकूलित खोल्या बांधल्या. दिवाळीच्या गर्दीला पुरतील एवढी यंत्रे घ्यायची आणि उरलेले वर्षभर ती निम्मी रिकामी पोसायची, असा तो कारभार होता. एका यंत्राच्या पोटात अनेक स्वतंत्र यंत्रे भासवण्याची विद्या आयबीएमच्या मोठ्या संगणकांना ठाऊक होती. १९९९ साली व्हीएमवेअरने ती साध्या संगणकांवर आणली आणि रिकामी जागा भाड्याने देणे सोपे झाले. त्याच वर्षी सेल्सफोर्स ही कंपनी निघाली. तिने विक्रीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर विकण्याऐवजी इंटरनेटवरून वर्गणीने द्यायला सुरुवात केली.

मग आले २००६. पुस्तके विकणाऱ्या ॲमेझॉनने मार्चमध्ये साठवणुकीची सेवा उघडली. एक गिगाबाईट माहिती ठेवायला महिन्याला १५ सेंट. ऑगस्टमध्ये संगणकच भाड्याने मिळू लागला, तासाला १० सेंट. त्याच ऑगस्टमध्ये गुगलचे एरिक श्मिट यांनी एका परिषदेत ‘क्लाऊड’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. २०१० साली मायक्रोसॉफ्टही या बाजारात उतरली. २०१५मध्ये तिने पुणे, चेन्नई आणि मुंबईत केंद्रे उघडली, २०१६मध्ये ॲमेझॉनने मुंबईत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे ऐरोली, महापे या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात आज या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत.

लाभ खरा आहे, तो नाकारू नये. २००८ साली नेटफ्लिक्सचा माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून त्यांनी आपला कारभार भाड्याच्या यंत्रांवर न्यायला घेतला. ते काम २०१६ साली पुरे झाले. आमच्या सांगलीच्या पोराने तेच केले, फक्त छोट्या मापात. भांडवल न घालता मोठ्यांच्या तोडीचे यंत्र वापरता येणे ही छोट्या व्यापाऱ्याला मिळालेली मोठी सवलत आहे.

पण अब्बांचा प्रश्न उरतोच. पेव कुणाचे?

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली. अनेक व्यवसायांची माहिती कायमची गेली, कारण काहींची राखीव प्रतही त्याच आवारात होती. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगलकडे असलेली खासगी क्लाऊड यंत्रणा गुगलच्याच चुकीने पुसली गेली. या निधीचे सभासद पाच लाखांहून अधिक. सावरायला उपयोगी पडली ती दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली प्रत.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले, आणि ते आगीहून गंभीर आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांत गुजरातमध्ये तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीचे नाव घातले. नायरात रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी आहे. मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कंपनी भारतीय, कर्मचारी भारतीय, पैसे भरलेले, आणि आपलीच ई-मेल आपल्याला उघडेना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. यात पूर आला नव्हता, वीज गेली नव्हती. किल्ली दुसऱ्याच्या हाती होती, एवढेच.

पुढची दिशा या धड्यांतून ठरते आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच ठेवायला सांगितले. युरोपात सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या कायद्याने एका कंपनीकडून दुसरीकडे जाणे ग्राहकाला सोपे व्हावे, अशी बंधने सेवा देणाऱ्यांवर घातली. शहाणे उद्योग एकाच पेवात सगळी हळद ठेवत नाहीत. काही काम भाड्याच्या यंत्रावर, काही घरच्या. काहींनी तर हिशेब मांडून घरची वाट धरली. बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने भाडे परवडत नाही म्हणून आपली यंत्रे विकत घेतली. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणारी यंत्रे इतकी महाग आणि वीजखाऊ, की लहान उद्योगाला भाड्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे ओढ दोन्हीकडे आहे.

एक फरक लक्षात ठेवावा. गिरणीत आलेली वीज जळून जाते. ती कुणाची गुपिते बाळगत नाही. वही बाळगते. कुणाचे देणे किती, येणे किती, कुणाला सवलत दिली, कुणाची अब्रू झाकली, हे सारे तिच्यात असते. वीज विकत घेणे आणि वही दुसऱ्याकडे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परवा त्या नातवाला मी विचारले, ‘‘उद्या त्या लोकांनी दार बंद केलं, तर?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला. करार त्याने वाचला नव्हता, नुसता ‘मान्य’वर बोट ठेवले होते. मग म्हणाला, ‘‘चाचा, आजपासून दर शनिवारी एक प्रत घरी.’’ पोराने कपाटातून एक छोटी डबी काढली आणि तिच्यावर पेनाने तारीख घातली. अब्बाही प्रत्येक पानावर आधी तारीखच घालायचे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)