मेथोट्रेक्सेट
मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस यांसारख्या विकारांत वापरले जाणारे, रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध आहे. मूळचे ते कर्करोगावरील औषध. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले. संधिवातासाठी अमेरिकेत त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

या विकारांत ते आठवड्यातून एकदाच घेतात, आणि सर्वांत गंभीर धोका नेमका येथेच आहे. रोजच्या गोळ्यांची सवय असलेल्या रुग्णाने चुकून ते दररोज घेतल्यास अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खुंटते, तोंडात व्रण पडतात, जंतुसंसर्ग बळावतो. अशा चुकीने मृत्यूही ओढवले आहेत. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर ठरलेला वार स्पष्ट लिहावा लागतो. मूत्रपिंडे दुर्बळ असल्यास नेहमीची मात्राही शरीरात साचून विषारी ठरू शकते.

योग्य मात्रेतही मळमळ व थकवा जाणवतो; यकृतास इजा संभवते, आणि मद्यपानाने ती वाढते. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी काही त्रास कमी होतो, तरी रक्ताची नियमित तपासणी टळत नाही. नव्याने उद्भवलेला कोरडा खोकला व धाप क्वचित होणाऱ्या फुप्फुसदाहाची लक्षणे असू शकतात. गर्भात व्यंग निर्माण होत असल्याने गरोदरपणी हे औषध वर्ज्य आहे.