मुंबई-लंडन : अंतर एकच, वेळा दोन

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर मिळणारी ही सर्वांत जवळची वाट होय. मोठी प्रवासी विमाने ताशी साधारणत: ९०० किलोमीटर वेगाने उडतात. या हिशेबाने प्रवास आठ तासांत संपायला हवा. प्रत्यक्षात मात्र जाताना साडेनऊ ते दहा तास, तर परतताना सुमारे नऊ तास लागतात.

या फरकाचे मुख्य कारण वारा हे आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुझोत वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. लंडनला जाणाऱ्या विमानाला हे वारे अडवतात, तर मुंबईला येणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात. शिवाय वेळापत्रकातील वेळ ही केवळ उड्डाणाची नसते. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, रांगेतील प्रतीक्षा आणि हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांचाही त्यात विचार केलेला असतो.

दुसरे कारण राजकीय आहे. एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केल्यास विमानांना वळसा घ्यावा लागतो. पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आपली हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आली. अशा बंदीचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अधिक बसतो. जून २०२५ मध्ये इराणची हद्द बंद झाली, तेव्हाही अनेक विमानांचे मार्ग बदलावे लागले.

प्रवाशांचा खरा गोंधळ होतो तो घड्याळामुळे. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहराच्या स्थानिक प्रमाणवेळेनुसार छापलेली असते. हिवाळ्यात लंडनची वेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. मुंबईहून पहाटे दोन वाजता निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर लंडनमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. उलट, हिवाळ्यात लंडनहून सकाळी दहाला निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा येथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजेच तारीख बदललेली असते! मुंबईतून पुढचे विमान किंवा रेल्वेगाडी पकडणाऱ्याने आरक्षण करताना हे ध्यानात न घेतल्यास ते आदल्या दिवसाचे ठरू शकते.

एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे झेपावले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत. आज हाच प्रवास एका झेपेत होतो. तरीही पुढील विमान गाठायचे असल्यास केवळ किलोमीटरवर विसंबून न राहता ऋतू, मार्ग आणि दोन्ही शहरांची घड्याळे पाहूनच बेत आखणे श्रेयस्कर.