बालवाडीचा आवाज कुठल्या फाइलीत असतो?

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. बालवाडी ही आवाजापासून वाचवायची जागा आहे की आवाज करणारी जागा? शेजाऱ्याला विचारलं तर एक उत्तर मिळतं, कायद्याला विचारलं तर दुसरं. या दोन उत्तरांच्या मधली जागा आपल्या नगर नियोजनात रिकामी का राहिली, ते आज बघायचं आहे. संशोधनाचा विषय शोधत असाल तर यात तुमच्या कामाचंही काही आहे. भांडण रोजचं आहे, पण त्याची स्वतंत्र फाइल कुठेच नाही. मग त्याचा इतिहास लिहायचा कसा?

नागपुरात राहणाऱ्यांना चित्र ओळखीचं असेल. लेआउटमधला बंगला, तळमजल्यावर नर्सरी, बाजूच्या मार्जिनमध्ये घसरगुंडी आणि थोडी वाळू. ठरलेल्या वेळी तीसेक मुलं बाहेर येतात. कंपाउंडच्या पलीकडे कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कोणी आजारी असतं. काही दिवस सहन होतं, मग बोलाचाली होते. शेवटी बरेचदा तोडगा एकच निघतो: मुलांना आतच ठेवायचं. भांडण मिटतं आणि मुलांचा मोकळा अर्धा तास वेळापत्रकातून गुपचूप निघून जातो.

आधी अंगण होतं

हा अर्धा तास काही वरचा लाड नाही. मराठी बालशिक्षणाचा पायाच तिथे आहे. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. 1957 पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झालं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जायचं, हा तिथला विचार. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर 'कुरणशाळा' निघाल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

शब्द देशभर गेला, पण अंगण त्याच्याबरोबर गेलं का? हा प्रश्न लक्षात ठेवा.

मग लेआउट आला

हिंदू कॉलनी ही दादर-माटुंग्याच्या आखीव वस्तीचा भाग. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने ही वस्ती आखली. नागपुरात याच धर्तीची संस्था म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आपली नासुप्र. तिचा कायदा 1936 चा. म्हणजे ज्या वर्षी ताराबाईंनी एका आखीव वस्तीत बालमंदिर उघडलं, त्याच वर्षी नागपूरच्या आखीव वस्त्यांचा कायदा झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण शेजारी ठेवून बघितल्या की एक गोष्ट दिसते. प्लेगनंतरच्या नियोजनाची भाषा हवा, उजेड, गटार आणि रस्त्याची रुंदी यांची होती. घरात हवा किती यावी याचा हिशेब त्यात होता. शेजारच्या घरातून आवाज किती यावा याचा नव्हता.

पुढे 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला आणि विकास आराखड्यांची आजची पद्धत रुळली. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. मैदान, शाळा, बाग यांची आरक्षणं त्यात असतात. आता गंमत बघा. हरकत घ्यायची संधी आराखड्याच्या पातळीवर आहे. बालवाडी मात्र निवासी भागात चालणाऱ्या वापरांमध्ये मोडते. ती तुमच्या शेजारच्या बंगल्यात येते तेव्हा सहसा तुम्हाला कोणी विचारत नाही. आवाज ऐकू यायला लागतो तेव्हा आराखड्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. उरते ती फक्त तक्रार.

मुलांच्या बाजूनेही तेवढीच अडचण आहे. राज्याच्या नियमांनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा ठेवावी लागते. पण मंजुरीशिवाय पाडलेल्या लेआउटमध्ये ही जागा राहीलच याची खात्री नसते. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड नियमित करायची वाट काढली. नागपूरकरांना '572' आणि '1900' लेआउट म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. जिथे सामायिक मोकळी जागाच नाही, तिथे मुलं शेजाऱ्याच्या भिंतीलगतच खेळणार.

आता डेसिबलकडे

मी विज्ञान शाखेतून आलेली, त्यामुळे पहिली ओढ मोजमापाकडेच. हवा प्रदूषणाच्या कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने आवाजाचा समावेश झाला. 14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, मर्यादा 55 डेसिबल. शांतता क्षेत्रात 50. आणि शांतता क्षेत्र कशाभोवती? रुग्णालयं, न्यायालयं आणि शिक्षणसंस्था, यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत. 2017 च्या दुरुस्तीनंतर ते राज्य सरकारने जाहीर करावं लागतं, पण मूळ कल्पना तीच. कायद्याच्या नजरेत शाळा म्हणजे शांतता हवी असलेली जागा. नियमांच्या प्रस्तावनेत आवाजाचे स्रोत दिले आहेत: कारखाने, बांधकाम, फटाके, जनरेटर, भोंगे, वाहनांचे हॉर्न वगैरे. त्या यादीत मुलाचा आवाज नाही.

समजा, तरी मोजायचं ठरवलं. खेळणाऱ्या मुलांपासून 5 मीटरवर 75 डेसिबल आवाज आहे असं धरू. हा आकडा फक्त उदाहरणासाठी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण 6 डेसिबलने घटते, म्हणजे 10 मीटरवरच्या शेजाऱ्याला 69 ऐकू येतात. पण नियमातली मर्यादा ही काळावर काढलेल्या सरासरीची आहे. खेळ अर्धा तास, दिवस 16 तासांचा, म्हणजे 32 वा भाग. लॉगरिदम लावला की 15 डेसिबल वजा होतात आणि 54 उरतात. मर्यादेच्या आत! शिवाय दिवसा तक्रार करायची तर पातळी मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक वर हवी, म्हणजे 65. याच हिशेबाने तिथे पोचायला मुलांना रोज जवळपास साडेसहा तास सतत बाहेर खेळावं लागेल.

म्हणजे कागदावर शाळा निर्दोष. पण शेजारी सरासरी ऐकत नाही ना! त्याला त्या अर्ध्या तासातले 69 ऐकू येतात आणि त्याची झोप खरोखर मोडते. आकडा चुकीचा नाही. तो भोंगा आणि जनरेटर यांच्यासाठी घडवलेला आहे, रोज अर्धा तास चालणाऱ्या खेळासाठी नाही.

हे जाणवलेले आपण एकटे नाही. जर्मनीने 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली: बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे हानिकारक मानायचा नाही आणि तो जोखायला आकड्यांच्या मर्यादा वापरायच्या नाहीत. टोकियोने 2015 मध्ये शाळेत जायच्या वयाआतल्या मुलांचा आवाज आपल्या नियमांतल्या आकड्यांच्या मर्यादेतून बाहेर काढला. मोजमापात तरबेज असलेल्या या दोन समाजांनी इथे मीटर बाजूला ठेवला. त्याने शेजाऱ्याचा त्रास नाहीसा होत नाही, पण प्रश्न 'किती डेसिबल' वरून 'केव्हा, कुठे, किती वेळ' याकडे सरकतो.

संशोधन करणाऱ्यांसाठी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. फाइल नसलेल्या भांडणाचा माग कसा काढायचा? 'ध्वनिप्रदूषण' या शीर्षकाखाली शोधलं तर भोंगे आणि डीजे सापडतील, बालवाडी सापडणं कठीण. त्यापेक्षा मंजूर लेआउटचे नकाशे घ्या आणि त्यातल्या खुल्या जागेवर आज काय आहे ते जाऊन बघा. आराखड्यांवरच्या हरकती वाचा. नागपुरात कागद नासुप्र आणि मनपा या दोन्ही ठिकाणी विखुरलेले असतात, तेव्हा एकाच कार्यालयावर विसंबू नका. गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्तं मागा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे बालवाडीचं वेळापत्रक. बाहेरच्या खेळाचा तास कधी होता, कधी हलला, कधी गेला? नागपुरात एप्रिलचं ऊन दहा वाजताच चटके देतं, त्यामुळे उन्हाळ्यात खेळ सकाळी लवकरच घ्यावा लागतो आणि रात्रपाळीवाल्याची झोपही नेमकी तेव्हाच लागलेली असते. ही टक्कर मीटरवर दिसणार नाही, घड्याळावर दिसेल. मुलांना दोन तुकड्यांत बाहेर काढणं, घसरगुंडी शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर नेणं, लेआउटची खुली जागा सकाळी ठराविक वेळ बालवाडीला देणं, असे तोडगे कुठे निघाले असतील तर त्यांची नोंदही वेळापत्रकातच सापडेल. वेळापत्रकाचे जुने कागद शाळा सहसा जपून ठेवत नाहीत. म्हणून कुठे बाईंच्या कपाटात दिसले, तर परवानगी घेऊन आधी फोटो काढून ठेवा.