खार
केळव्याच्या खाजणात खार म्हणजे खारट जमीन, स्वयंपाकघरात पापडखार. दोन्हींचं मूळ संस्कृत 'क्षार', धातू 'क्षर्', म्हणजे पाझरणे. राख पाण्यात कालवून गाळली की खाली उतरतो तो क्षार. सुश्रुतसंहिता त्यात भाजलेले शंख-शिंपले घालून 'मध्यम क्षार' करायला सांगते. रसायनशास्त्रात ही कॉस्टिकचीच जुनी वाट! अरबी 'अल-कली'ही राखच. 'कॉस्टिक' मात्र ग्रीक: जाळणारा. नाव चोख आहे. बोईसर-तारापूरच्या कापड-प्रक्रियेत सुताला तकाकी आणणारे कॉस्टिक सोड्याचे पांढरे पापुद्रे बोटाला आधी बुळबुळीत लागतात, मग भाजतात. म्हणून जाणता कामगार सोडा थोडाथोडा पाण्यात सोडतो. सोड्यावर पाणी कधीच ओतत नाही, उसळून तोंडावर येतं.