वाशीमच्या ताटांतील ज्वारी

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या म्हणींतील सोनें म्हणजे काळ्या मातींत पिकणारा कापूस आणि धान्य, हें कोणास निराळें सांगावयास नको. ह्याच वऱ्हाडच्या दक्षिण अंगास, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर, वाशीम हें प्राचीन नगर वसलेलें आहे. वत्सगुल्म ह्या नांवानें तें एके काळीं वाकाटक वंशाच्या एका शाखेची राजधानी होतें. १९३९ सालीं उजेडांत आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याची साक्ष देतो. इतक्या जुन्या काळापासून नांदत्या असलेल्या ह्या भूमीच्या इतिहासांत एक प्रश्न मात्र पुनःपुन्हां डोकें वर काढतो. जी माती इतकें पिकविते, तिच्यावर राबणाऱ्याचें ताट अपुरें कां राहतें? ह्याचें उत्तर शोधूं जातां एकट्या पावसाकडे बोट दाखवून भागत नाहीं. शेतांत काय पेरलें जातें, बाजारांत काय मिळतें आणि चुलीवर काय शिजतें, ह्या तिहींचा मेळ जेव्हां जेव्हां तुटला, तेव्हां तेव्हां आभाळाचा कोप अधिक जाचक ठरला, असें गेल्या दीडशें वर्षांचा वृत्तांत सांगतो.

जुन्या वऱ्हाडी शेतांत ज्वारीचा मान पहिला असे. मृगाचा पाऊस पडल्यावर खरिपाची पेरणी होई, आणि ज्वारीच्या ओळींच्या दरम्यान तूर, मूग, उडीद व अंबाडी हीं पिकें घेतलीं जात. ह्या मिश्र पेरणींत पिढ्यान्‌पिढ्यांचें शहाणपण सांठविलेलें होतें. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत हातीं येतो. तुरीचें मूळ खोल जातें व ती उशिरां पिकते. ज्वारीला पाण्याची ओढ बसली म्हणजे ती आपली वाढ रोखून स्वस्थ राहते आणि पाऊस परतला कीं पुन्हां वाढीस लागते. एका पिकानें दगा दिला तरी दुसरें हातीं लागावें, असा तो हिशेब होता. धान्याबरोबर कडबा मिळे, कडब्यावर गुरें पोसत, आणि गुरांमुळें घरांत ताकाचा तांब्या भरलेला राही. चांगल्या सालची ज्वारी जमिनींत खणलेल्या पेवांत घालून ठेवीत आणि वाईट सालीं तीच बाहेर काढीत. पेव म्हणजे त्या काळच्या गांवाची पतपेढीच म्हणावयाची.

ताटांतही हाच मेळ दिसे. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, कण्या घालून शिजविलेली अंबाडीची भाजी, जवसाची अथवा तिळाची चटणी, आणि पावसाळ्यांत बांधावर आपोआप उगवणारा तरोटा, घोळ किंवा तांदुळजा. आजच्या पोषणशास्त्राच्या कसोटीवरही हा आहार उणा ठरत नाहीं. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें व ४ मिलिग्रॅम लोह असतें. तितक्याच सडलेल्या तांदळांत प्रथिनें सुमारें ७ ग्रॅम आणि लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन ह्या घटकाची उणीव आहे, ती डाळीनें भरून निघते. अर्थात् ह्या चित्रास सोनेरी चौकट घालण्याचें कारण नाहीं. ज्याच्यापाशीं जमीन नव्हती, त्याच्या ताटांत डाळ क्वचितच येई. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्यांस काय सोसावें लागतें, हें पुढें १९६० सालीं हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन् व एस. जी. श्रीकांतिया यांनीं दाखवून दिलें. दख्खनमधील गरीब ज्वारीभक्षकांत आढळणाऱ्या पेलाग्रा ह्या रोगाचा संबंध त्यांनीं ज्वारींतील ल्यूसीनच्या आधिक्याशीं जोडला. तात्पर्य, ज्वारीचें सामर्थ्य तिच्या सोबत्यांवर अवलंबून होतें.

हा मेळ तुटण्यास आरंभ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. येथील कापसावर त्यांचा डोळा होताच. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडी कापसाचे भाव आकाशास भिडले. १८६७ पर्यंत लोहमार्ग अकोल्यावरून नागपुरास जाऊन पोंचला. शेतसारा रोखीनें व ठराविक मुदतींत भरावयाचा, आणि रोख पैसा देणारें पीक म्हणजे कापूस. त्यामुळें सावकाराच्या चोपडींत नांव असलेल्या शेतकऱ्यास निवड करण्यास फारसा वाव उरला नाहीं. कापूस वाढला तसा ज्वारीचा व गुरचरणीचा प्रदेश आंखडला. लोहमार्ग झाल्यावर ज्वारीलाही दूरच्या बाजारांत गिऱ्हाईक मिळूं लागलें, आणि वाईट सालासाठीं धान्य पुरून ठेवण्यापेक्षां तें विकून पैसा करणें सोयीचें वाटूं लागलें. पेवें ओस पडलीं. ह्या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास लक्ष्मण सत्या यांनीं वऱ्हाडांतील कापूस व दुष्काळ ह्या विषयावरील आपल्या १९९७ च्या इंग्रजी ग्रंथांत केला आहे.

अशा वेळीं आभाळ फिरलें. १८९६-९७ सालीं हिंदुस्थानच्या बऱ्याच भागांत दुष्काळ पडला आणि वऱ्हाडांत धान्याचे भाव भडकले. त्यांतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच १८९९ चा पावसाळा हुकला. गेल्या दीडशें वर्षांत देशानें जे अत्यंत कोरडे पावसाळे पाहिले, त्यांत १८७७, १८९९, १९१८ व १९७२ यांची गणना होते. आणि पॅसिफिक महासागराचें पाणी तापण्याच्या ज्या घटनेस एल् निनो म्हणतात, तिचा ह्या अवर्षणांशीं संबंध आहे, हें शास्त्रज्ञांस पुढें कळून आलें. सात समुद्रांपलीकडील पाणी तापावें आणि वाशीमच्या चुलींतील विस्तव विझावा, असा हा विलक्षण दुवा आहे.

परंतु हा दुवा पुरता जुळतो तो बाजारामुळें. धान्य आगगाडीनें येऊं शकत होतें. तें विकत घेण्यास मजुराच्या कनवटीस पैसा नव्हता. कापूस नाहीं म्हणून वेचणी नाहीं, वेचणी नाहीं म्हणून मजुरी नाहीं, आणि सांठ्यास पेवही नाहीं. दुष्काळांत धान्याच्या अभावापेक्षां धान्य मिळविण्याचें सामर्थ्य गमावल्यानें माणसें अधिक मरतात, हा सिद्धान्त अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं मुख्यतः १९४३ च्या बंगालच्या उदाहरणावरून मांडला. वऱ्हाडनें तो त्रेचाळीस वर्षें आधींच अनुभवला होता. सरकारनें दुष्काळसंहितेप्रमाणें खडी फोडण्याचीं व रस्त्यांचीं कामें काढलीं. उपाशी शरीरांवर रोगराईनें घाला घातला तो वेगळाच. १९०१ च्या खानेसुमारींत त्या वेळच्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली; दहा वर्षांत ती ११ टक्क्यांनीं घटली होती. मृत्यु, देशोधडीस लागणें आणि जन्मांची घट हें सर्व त्या एका आंकड्यांत सांठलेलें आहे. १९०५ सालीं हा जिल्हाच मोडून त्याची अकोला व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत वाटणी झाली. आजचा वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजीं.

१९७२ सालीं महाराष्ट्रावर पुन्हां तसेंच अवर्षण कोसळलें. ह्या खेपेस मात्र वृत्तांत निराळा घडला. सरकारी कामांवर १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ४९ लक्ष माणसें राबत होतीं. परदेशांतून आणलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं नाकें मुरडीत कां होईना खाल्ली, आणि कामावरच्या मजुरांस व मुलांस सुकडी वांटण्यांत आली. हाताला काम व कामाला दाम हें तत्त्व वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें रोजगार हमी योजनेच्या रूपानें राज्यानें स्वीकारलें. त्याचा कायदा १९७७ सालीं संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. १८९९ सालीं जें घडलें तें १९७२ सालीं टळलें. पाऊस दोन्ही वेळां हुकला होता. मजुराच्या हातीं धान्य विकत घेण्याची शक्ति राहिली, हा त्यांतील मुख्य फरक.

येथें ही कथा सुखान्त व्हावयाची. पण भुकेनें केवळ आपलें रूप पालटलें. पोट भरतें आणि शरीर उपाशी राहतें, अशी ही नवी भूक आहे. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भाच्या शेतांत सोयाबीननें आपलें बस्तान बसविलें, आणि वाशीम जिल्ह्यांत तर तेंच खरिपाचें मुख्य पीक झालें. महाराष्ट्रांतील ज्वारीचें क्षेत्र १९७० च्या सुमारास होतें त्याच्या निम्म्याहूनही कमी उरलें आहे. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यांत ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिनें असतात, पण तो दाणा वाशीमच्या ताटांत येत नाहीं. तो तेलाच्या कारखान्यांत जातो. तेल बाजारांत आणि पेंड कोंबड्यांच्या खुराड्यांत किंवा परदेशीं जाते. एकोणिसाव्या शतकांत कापसाच्या गांठी जशा गांवाबाहेर गेल्या, तशींच आतां प्रथिनांचीं पोतीं जात आहेत. ज्वारी गेली तसा कडबाही गेला, आणि कडब्याबरोबर दुभतें आटलें. शिधापत्रिकेवर गहूं व तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला व १ जानेवारी २०२३ पासून तें धान्य मोफत झालें. ह्या धान्यानें असंख्य घरांतील उपासमार थोपविली, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. मात्र डाळ, दूध व भाजी यांचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. आणि गांवच्या दुकानांत ज्या वस्तु सर्वांत स्वस्त व हाताशीं असतात, त्या म्हणजे बिस्किटांचे व तळलेल्या खाऊचे पुडे.

असाच प्रकार सेनेगल देशांत झाला. फ्रेंचांच्या अमदानींत तेथें भुईमुगानें बाजरीची जागा घेतली आणि लोकांच्या ताटांत हिंदी-चीनमधून आणलेला तुकडा तांदूळ आला. प्रदेश निराळा, पीक निराळें. परंतु शेत व ताट यांची ताटातूट तीच.

ह्या ताटातुटींत आतां बदलत्या हवामानाची भर पडली आहे. जिल्ह्याची बहुतेक शेती पावसावर अवलंबून, आणि बहुतेक शेतांत एकच पीक. ऑगस्टमध्यें पावसानें दडी मारली कीं सोयाबीनच्या शेंगा भरत नाहींत. काढणीच्या वेळीं, आश्विनाच्या सुमारास, तो अवेळीं कोसळला कीं तयार शेंगांना शेतांतच कोंब फुटतात. १८९९ सालीं मजुराची जी गत झाली, तीच लहान प्रमाणावर घरोघरीं होते. पैशाचें पीक बुडालें म्हणजे घरांतील पहिली काटकसर डाळीवर व दुधावर होते, आणि तीही बहुधा बायकांच्या ताटापासून. ह्याहून सूक्ष्म असा एक परिणाम २०१४ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांतील संशोधनानें पुढें आणला. हवेंतील कार्बन-डाय-ऑक्साइड वायूचें प्रमाण ह्या शतकाच्या मध्यास अपेक्षित असलेल्या पातळीस गेलें, तर गव्हांतील जस्त सुमारें ९ टक्क्यांनीं व लोह ५ टक्क्यांनीं घटतें. तांदूळ व सोयाबीन यांचीही तीच वाट आहे. ज्वारीच्या जातीच्या पिकांवर मात्र हा परिणाम फारसा दिसून आला नाहीं. जें धान्य शेतांतून हद्दपार झालें, तेंच येणाऱ्या काळास तोंड देण्यास अधिक समर्थ निघावें, ह्याला दैवाचा विनोद म्हणावें काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील सुमारें ३५ टक्के मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी निघालें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विशेष लक्ष पुरविण्यासाठीं जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्यासह वाशीमचेंही नांव होतें, आणि आरोग्य व पोषण हा त्या योजनेच्या मोजमापाचा प्रमुख भाग होता. त्याच वर्षीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें हवामानास अनुकूल शेतीसाठीं जो प्रकल्प राज्यानें हातीं घेतला, त्याच्या पंधरा जिल्ह्यांतही वाशीम होता. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें आणि शहरांतील उपाहारगृहांतून ज्वारीचे पदार्थ मिरवूं लागले.

शहरांत ज्वारीची वाहवा झाली, ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पण शेतकऱ्यानें ज्वारी सोडली ती तिची चव विसरला म्हणून नव्हे. तिला भाव नव्हता, तिच्या काढणीस मजूर फार लागत, पांखरें व रानडुकरें तिच्यावर तुटून पडत, आणि घरीं शिधा आयता येत होता. हीं कारणें जोंपर्यंत कायम आहेत, तोंपर्यंत नुसत्या उपदेशानें एक ओळही ज्वारी अधिक पेरली जाणार नाहीं. अन्नसुरक्षेच्या कायद्यांत गहूं-तांदळाबरोबर भरडधान्याचाही उल्लेख आहे. सरकारनें स्थानिक ज्वारी व तूर रास्त भावानें घेऊन तीच जिल्ह्याच्या शिधादुकानांत, अंगणवाडींत व शाळेच्या दुपारच्या जेवणांत घातली, तर पीक विकणारा आणि अन्न खाणारा हे पुन्हां एका गांवांत येतील. जुन्या पेवाचें काम तेंच होतें. पेवावरची शिळा हलवून गांवानें वाईट सालीं धान्य काढलें, तेव्हां त्या धान्यांत मागल्या चांगल्या पावसाचा वांटा होता. तसा वांटा राखून ठेवण्याची सोय आज कोणी करावयाची, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर वाशीमच्या पुढच्या पिढीची उंची ठरणार आहे.